पॉलिक्लिनिकमधला ‘पॉलि’ कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पॉलिक्लिनिक’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत आला की त्याचे ‘बहुचिकित्सालय’ किंवा ‘बहुविध उपचार केंद्र’ होऊन जाते. कधी ते बरोबर असते, कधी साफ चूक. कारण इंग्रजीत या उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि त्यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. ‘पॉलि’च्या स्पेलिंगच्या शेवटी वाय असला तर ‘अनेक’, आय असला तर ‘शहर’. आयवाला शब्द मूळचा आणि नेमका, पण आता तो क्वचितच छापला जातो. वायवाल्याने त्याची जागा घेतली. बाह्यरुग्णांसाठीचा एक चांगला शब्द असा हरवला. त्याचे मराठीत काय होते आणि कोकणातल्या रुग्णाला त्याचा फटका कुठे बसतो, हे सांगण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, जागा असेल तशी छाटणी करावी.

आधी ‘क्लिनिक’. ग्रीक भाषेत ‘क्लिने’ म्हणजे बिछाना, खाट. खाटेला खिळलेल्याला पाहायला जाणारा वैद्य तो ‘क्लिनिकोस’. म्हणजे या शब्दाच्या पोटात खाट आहे, आणि आपल्याकडे ज्या गाळ्यात टेबल, तपासायचा बाक आणि कंपाउंडर एवढेच असते त्यालाच आपण क्लिनिक म्हणतो! जुना अर्थ शिल्लक आहे तो वैद्यकीय महाविद्यालयांत. विद्यार्थी ‘क्लिनिक्सला जातो’ म्हणतो तेव्हा तो वॉर्डात, रुग्णाच्या खाटेपाशी शिकायला निघालेला असतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत, तिथेही हेच ऐकू येईल. ही खाटेपाशी शिकवण्याची रीत गाजवली ती हॉलंडमधल्या लायडनला हर्मान बोरहाव्ह यांनी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यांच्याकडे खाटा होत्या फक्त बारा, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. साऱ्या युरोपातून विद्यार्थी त्या बारा खाटांभोवती येऊन उभे राहत.

खाटांचा खर्च मोठा. शिवाय खाटेवर येतो तो आजार वाढल्यावरचा रुग्ण, त्यामुळे शिकाऊ डॉक्टरला रोजचे साधे आजार दिसतच नाहीत. त्यावर जर्मन विद्यापीठांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘पोलिक्लिनिक’. ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, नगरातच चालणारे क्लिनिक. १८१० साली बर्लिनमध्ये क्रिस्टोफ विल्हेल्म हुफेलांड यांनी विद्यापीठाला जोडून अशी संस्था सुरू केली. पद्धत अशी, की ज्यांना चालवते त्यांनी ठरल्या वेळी संस्थेत यायचे, तपासून आणि औषध घेऊन घरी जायचे. ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी विद्यार्थ्यांनी जायचे आणि परत येऊन शिक्षकांना हकिगत सांगायची. रुग्ण बहुतेक गरीब, उपचार फुकट. खाट वापरायची ती रुग्णाच्या स्वतःच्या घरातली. लंडनमध्ये जॉन कोकली लेटसम यांची १७७० ची ‘जनरल डिस्पेन्सरी’ साधारण याच वाटेने चाललेली होती, पण तिथे नावात औषध आले, नगर नाही.

तेव्हा मूळ पोलिक्लिनिकचा अर्थ ‘अनेक डॉक्टर’ असा नव्हता. एकच शिक्षक-डॉक्टर असला तरी ते पोलिक्लिनिकच. पुढे वैद्यकाच्या शाखा फुटल्या, एका छपराखाली डोळ्यांचा, कानांचा, त्वचेचा असे वेगवेगळे डॉक्टर बसू लागले आणि लोकांना वाटले, ‘पॉलि’ म्हणजे हेच. चुकीच्या व्युत्पत्तीने शब्दाचे स्पेलिंगच बदलले.

भाषेभाषेत याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे, आणि भाषांतरकाराच्या कामाचेही. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द अजून वेगळे आहेत. आयवाल्यात रुग्णाला ठेवून घेत नाहीत, वायवाल्यात अनेक विभाग असतात आणि दाखलही करून घेतात. जर्मन विद्यापीठ रुग्णालयांतल्या विभागांचे नावच ‘क्लिनिक उंड पोलिक्लिनिक’ असे असते. त्याचे सरळ मराठी ‘आंतररुग्ण व बाह्यरुग्ण विभाग’. ‘दवाखाना व बहुचिकित्सालय’ असे कुणी केले तर एकाच विभागाच्या दोन संस्था होतील. रशियन आणि स्पॅनिशमध्ये वाय-आयचा भेद लिपीत उरत नाही, म्हणून एकच शब्द आहे. पण रशियात आणि क्यूबात तो बाह्यरुग्णांच्या केंद्रालाच लावतात, म्हणजे नगराचा अर्थ शाबूत. इटलीत गंमत उलटी झाली आहे. तिथे ‘पोलिक्लिनिको’ म्हणजे मोठे विद्यापीठ रुग्णालय, शेकडो खाटांचे. मिलानचे १४५६ साली स्थापन झालेले ‘ओस्पेदाले माज्जोरे’ आज पोलिक्लिनिको म्हणूनच ओळखले जाते. परदेशी बातमीत ‘अमुक पोलिक्लिनिकमध्ये निधन’ असे आले तर बातमी इटलीची आहे की रशियाची हे पाहिल्याशिवाय मराठी शब्द ठरवता येणार नाही.

याच कुळातली दुसरी फसगत ‘ॲम्ब्युलेटरी’ची. लॅटिन ‘अंबुलारे’ म्हणजे चालणे. ‘ॲम्ब्युलेटरी केअर’ म्हणजे चालत येऊन चालत जाणाऱ्याचा उपचार, ओपीडीच ती. फ्रेंच सैन्याबरोबर हलणारे ‘चालते इस्पितळ’ याच धातूवरून ‘ॲम्ब्युलन्स’ झाले आणि पुढे ते नाव गाडीला चिकटले. परिणामी ज्याला चालवत नाही त्याला नेणारी गाडी आणि ज्याला चालवते त्याचा उपचार, दोघांचे आडनाव एक. घाईत (आणि हल्ली यंत्राकडून) केलेल्या भाषांतरात ‘ॲम्ब्युलेटरी सर्जरी’ची ‘रुग्णवाहिकेतील शस्त्रक्रिया’ होऊ शकते. तिचा अर्थ, सकाळी दाखल होऊन त्याच दिवशी घरी जाण्याजोगी शस्त्रक्रिया.

देवनागरीत ‘पॉलि’ ऱ्हस्व लिहा की दीर्घ, प्रश्न सुटत नाही. ऱ्हस्व म्हणजे नगर आणि दीर्घ म्हणजे अनेक, असा संकेत ठरवला तरी वाचणाऱ्याला तो कळणार कसा? शिवाय आपल्याकडे ‘पॉलि’ आणि ‘पोलि’ची गर्दी आहे. पोलीस हा नगरवाल्या ‘पोलिस’चाच वंशज. पॉलिथिन, पॉलिएस्टर ‘अनेक’वाले. पोलिओ या दोघांचाही नाही, तो ‘पोलिओस’ म्हणजे करडा या शब्दावरून आला, मज्जारज्जूच्या करड्या भागाला होणाऱ्या आजारावरून. विम्याची पॉलिसी तर ग्रीकमधल्या ‘पुरावा’ अशा अर्थाच्या शब्दावरून इटालियनमार्गे आली. कोकणात उपचाराच्या जागांसाठी रुळलेले शब्द आहेत, ते नीट वापरले तर या भानगडीत पडायला नको.

‘दवाखाना’ घ्या. अरबी ‘दवा’ आणि फारसी ‘खाना’, औषधाचे घर. अर्थाने थेट डिस्पेन्सरी. ‘दवाखान्यात जावन येतंय’ असे मालवणीत कुणी म्हणाले की घरच्यांना कळते, जेवायच्या वेळेपर्यंत परत येणार. ‘इस्पितळात ठेवला’ म्हटले की मात्र डबा कोण नेणार याची चर्चा सुरू होते. इस्पितळ पोर्तुगीजांकडून आले. त्याचे मूळ लॅटिन ‘होस्पेस’, म्हणजे पाहुणा आणि यजमानही. मडगावच्या जुन्या सरकारी रुग्णालयाला गोव्यात ‘हॉस्पिसियो’ म्हणत, तोही याच घराण्यातला. राहणे इस्पितळाच्या मुळातच आहे, म्हणून मुक्कामी उपचारासाठी तो शब्द चपखल बसतो. दवाखाना आणि इस्पितळ या जोडीने लोकांनी जो भेद आपसूक सांभाळला आहे, तो ‘क्लिनिक’, ‘पॉलिक्लिनिक’, ‘हेल्थकेअर सेंटर’ या पाट्यांनी पुसला. सरकारी नावेही मदत करत नाहीत. प्राथमिक आरोग्य ‘केंद्रा’त साधारण सहा खाटा असतात, ग्रामीण रुग्णालयात तीस. नावातच खाट असलेल्या क्लिनिकमध्ये मात्र एकही नाही.

सरकारी परिभाषेतला ‘बाह्यरुग्ण’ शब्द गरजेपोटी घडवला आणि तो रुळलाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो जोडूनच छापायला हवा. ‘रुग्ण’ हा ‘रुज्’ धातूवरून झाला, मूळ अर्थ मोडलेला, भंगलेला. ‘बाह्य रुग्ण’ असे तोडून लिहिले की ‘बाहेरून भंगलेला’, म्हणजे कातडीचा नाहीतर जखमेचा रुग्ण असे वाचले जाते. ‘आंतर रुग्ण’ तोडला तर पोटाच्या विकाराचा वाटतो. त्याहून वाईट म्हणजे सोपे करायच्या नादात ‘बाहेरचे रुग्ण’ लिहिणे. कोकणात ‘बाहेरचा’ म्हणजे एक तर गावाबाहेरून आलेला, गणपतीला आणि शिमग्याला उतरणारा चाकरमानी धरून. दुसरा अर्थ भूतबाधेचा: ‘बाहेरचं झालंय’ म्हटले की देवाला गाऱ्हाणे घालायची तयारी होते, डॉक्टरकडे जायची नव्हे. ‘बाहेर बसली’ म्हणजे पाळी आली, तो अर्थ आणखी वेगळा. अशा मुलखात ‘बाहेरच्या रुग्णांची तपासणी सुरू’ असा मथळा देणे धाडसाचे आहे. लोक सरळ ‘ओपीडी’ म्हणतात आणि देवगडपासून दापोलीपर्यंत ती सगळ्यांना कळते. मथळ्यात ओपीडी आणि मजकुरात बाह्यरुग्ण विभाग, हे आम्हाला पुरेसे वाटते.

खाट आहे की नाही हा मुद्दा इतका का ताणायचा, असे कुणी विचारील. फुरसे हा विषारी साप चावलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या पायाने येतो. दंशाची जागा थोडी सुजलेली, बाकी ठीक. त्याला अडचण सुरू होते ती रक्त गोठेनासे झाल्यावर. ते ओळखायची सोपी चाचणी अशी: शिरेतून सुमारे दोन मिलिलिटर रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे, नळी अजिबात न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. नळी प्लास्टिकची असेल तर चांगले रक्तही गोठायला वेळ घेते, कारण गोठण्याला चालना काचेचा पृष्ठभाग देतो. साबणाने धुतलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला तरी निकाल चुकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पहिल्या नळीत रक्त गोठले म्हणून सुटका होत नाही. विष दंशाच्या जागेतून तासनतास शरीरात उतरत राहते, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि लक्षणे नसली तरी माणसाला २४ तास डोळ्यांसमोर ठेवावे लागते. विष भिनलेले ठरले तर सुरुवातीलाच प्रतिविषाच्या आठ ते दहा कुप्या लागतात. त्या सलाईनमधून तासाभरात देताना ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, तेव्हा ती आवरणारे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी भरलेले हवे. (हे प्रतिविष ‘पॉलिव्हॅलंट’ असते, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही जातींवर चालणारे. इथला ‘पॉलि’ खरोखरचा ‘अनेक’.) हे सगळे ओपीडीचे काम नाही, मग पाटीवर कितीही डॉक्टरांची नावे असोत.

लाल विंचवाचेही तेच. डंखानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे सुरू झाले तर वेदना थांबली म्हणून घरी पाठवता येत नाही. काही तासांत हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरू शकते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तो याच रुग्णांत. औषध तोंडाने घ्यायची साधी गोळी, पण ती दिल्यावर रुग्णाला आडवे ठेवून रक्तदाब आणि नाडी पाहत राहावे लागते. उठून बसला तर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. थोडक्यात, चालत आला म्हणजे ‘चालता’ रुग्ण ठरत नाही. रात्री आठ वाजता सड्यावरच्या वाडीतून रिक्षा काढणाऱ्याला पाटीवरच्या शब्दावरूनच ठरवायचे असते, इथे थांबायचे की थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे, की १०८ ला फोन करायचा. चुकीच्या दारात गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत.

खासगी पॉलिक्लिनिकचा कोकणातला नमुना ठरलेला आहे. बाजारपेठेतली माडी, खाली मेडिकल स्टोअर, जिन्यात सात-आठ नावांच्या पट्ट्या. यांतले बरेच तज्ज्ञ कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याहून आठवड्यातून एकदा, काही तर महिन्यातून एकदा येतात. पाटी वाचून माणूस समजतो की हे सगळे रोज वर बसलेले असतात. एसटीने तास-दीड तासाचा प्रवास करून तो मंगळवारी येतो आणि हाडांचा डॉक्टर गुरुवारचा निघतो. इथे ‘पॉलि’चा अर्थ ‘अनेक’ खरा, पण ते अनेक एकाच वेळी नाहीत.

खाटा आहेत का, हे विचारायला संकोच वाटत असेल तर भिंतीवर पाहावे. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या खासगी संस्थेला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे असते आणि त्यावर खाटांची संख्या असते. डॉक्टरांच्या पदवीच्या चौकटी वेगळ्या, हे प्रमाणपत्र वेगळे. (‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ऐकून घेणारी शुश्रूषागृहे किती, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, म्हणजे ईसीएचएसची पॉलिक्लिनिके २००३ पासून चालू झाली. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारख्या गावांना हा शब्द तिथूनच ओळखीचा. ती मुळात बाह्यरुग्णांसाठी आहेत: तपासणी, प्रयोगशाळा, दातांचे काम, औषधे, आणि दाखल व्हायचे असेल तर यादीतल्या रुग्णालयासाठी रेफरची चिठ्ठी. जीवावरचा प्रसंग असेल तर आधी चिठ्ठीसाठी तिथे जाऊन वेळ घालवू नये, थेट रुग्णालयात जाता येते. म्हातारपणी एकटे राहणाऱ्या माजी सैनिकांच्या घरी हे माहीत असायला हवे, आणि ‘बहुचिकित्सालय’ या भाषांतरातून ते कळत नाही.

‘अनेक’वाल्या पॉलिक्लिनिकला चांगला मराठी शब्द नाही असे नाही. पशुसंवर्धन खाते कधीपासून ‘पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय’ लिहीत आले आहे. औषधोपचार, शस्त्रक्रिया, गर्भविषयक तपासणी सगळे एका जागी, म्हणून ‘सर्व’. गाईम्हशींना मिळालेला हा नेटका शब्द माणसांच्या वाट्याला अजून आलेला नाही. ‘बहु’पेक्षा तो तोंडात बसतो.

तेव्हा आपल्या उपसंपादकांना आणि तालुका वार्ताहरांना एवढी विनंती, की आरोग्यविषयक बातमीत किंवा निवेदनात ‘पॉलिक्लिनिक’ आले तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे, रात्री रुग्ण ठेवतात का? ठेवत नसतील तर ‘दवाखाना’ किंवा ‘ओपीडी’ लिहावे, अनेक तज्ज्ञ असतील तर ‘सर्वचिकित्सालय, फक्त ओपीडी’. ठेवत असतील तर ‘रुग्णालय’ आणि खाटांची संख्या. तज्ज्ञांच्या नावापुढे वार छापावा. केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो ती वेळ छापावी, डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात ती नव्हे. खिडकी आधी बंद होते आणि लांबून आलेला माणूस तिथेच अडकतो. ‘केसपेपरचे पैसे नाहीत’ हेही सरकारी रुग्णालयांच्या बातमीत लिहायला हरकत नाही. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून ते बंद झाले, तरी सुटे पैसे नाहीत म्हणून रांगेतून मागे होणारी म्हातारी माणसे अजून दिसतात.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही डॉक्टर, औषधनिर्माते आणि भाषाशिक्षक